'मान्य' ह्या शब्दाचा अर्थ : कार्यस्थल-पुनर्वसन करणाऱ्या संस्थांची एकसूत्री अधिस्वीकृती

कामावर असताना दुखापत झालेल्या कामगाराचा संबंध साधारणतः तीन पक्षांशी येतो. उपचार करणारा डॉक्टर हा पहिला, कामावर ठेवणारा मालक हा दुसरा आणि भरपाईची रक्कम देणारी विमा कंपनी किंवा सरकारी निधी हा तिसरा. गेल्या सुमारे चाळीस वर्षांत काही देशांत ह्या तिघांच्या जोडीला एक चौथा पक्ष आला आहे. तो म्हणजे कार्यस्थल-पुनर्वसनाची सेवासंस्था. कामगाराच्या अंगात काम करण्याची शक्ती किती उरली आहे, त्याचे जुने काम त्याला झेपेल काय, ते काही प्रमाणात बदलून देता येईल काय, आणि तेही शक्य नसल्यास दुसरे कोणते काम त्याला शिकविता येईल, ह्यांचा विचार करून त्याला पुन्हा कामावर रुजू करणे हे ह्या संस्थेचे कार्य होय. तिच्या एका अहवालावर एखाद्या कुटुंबाची रोजी अवलंबून राहू शकते. साहजिकच अशी संस्था कोणी चालवावी, तिची पात्रता कोणत्या कसोट्यांनी तपासावी, आणि एका प्रांताने 'मान्य' ठरविलेली संस्था दुसऱ्या प्रांतानेही मान्य समजावी काय, हे प्रश्न केवळ कारभाराचे राहत नाहीत. प्रस्तुत लेखात ऑस्ट्रेलियाच्या अनुभवाच्या आधारे त्यांचा विचार करावयाचा आहे.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या विषयाला हात का घालावा, अशी शंका वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. तिचे उत्तर असे, की मानक हा शेवटी एक मजकूर असतो. 'योग्य काम', 'पुरेसा अनुभव', 'वेळेवर दिलेली सेवा' असे शब्दप्रयोग त्यात येतात, आणि त्या शब्दांना जो अर्थ दिला जाईल त्यावर कामगाराचे भवितव्य ठरते. एकच शब्द निरनिराळ्या कचेऱ्यांत निरनिराळ्या अर्थाने वापरला जात असेल, तर कसोटी एक आहे असे म्हणण्यात अर्थ नाही. एकसूत्री अधिस्वीकृतीचा प्रश्न हा मोठ्या अंशी समान अर्थाचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

१. संज्ञेचा विचार

प्रथम 'पुनर्वसन' हा शब्द घेऊ. मराठीत हा शब्द ऐकताच आपल्या मनात घर आणि जमीन ह्यांची कल्पना येते. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांचे पुनर्वसन, कोयना धरणाखाली गेलेल्या गावांचे पुनर्वसन, हे त्याचे रूढ उपयोग होत. महाराष्ट्राने प्रकल्पबाधित व्यक्तींच्या पुनर्वसनासाठी १९८६ व १९९९ चे जे कायदे केले, त्यांतही हाच अर्थ आहे. 'वसन' ह्या घटकामुळे वस्तीची कल्पना शब्दाला घट्ट चिकटली आहे. इंग्रजीतील 'रिहॅबिलिटेशन' ह्या शब्दाच्या मुळाशी मात्र लॅटिन 'हॅबिलिस' म्हणजे समर्थ, पात्र, हा शब्द आहे. माणसाला पुन्हा समर्थ करणे हा त्याचा मूळ रोख. मराठी प्रतिशब्द वस्तीचा, तर मूळ शब्द सामर्थ्याचा, असा हा भेद आहे. तो ध्यानात ठेवला नाही तर पुढील विवेचनात गोंधळ होईल.

ह्याच्या उलट, 'रिटर्न टु वर्क' ह्या शब्दप्रयोगासाठी मराठीत फार चांगला शब्द आधीपासून आहे. आपण 'कामावर रुजू होणे' असे म्हणतो. 'रुजू' हा शब्द अरबीतून आला असून मूळ अरबी शब्दाचा अर्थ 'परतणे' असाच आहे. आज आपण नव्या नोकरीवरही रुजू होतो, इतका त्याचा अर्थ विस्तारला आहे. परंतु रजेवरून किंवा आजारातून परतलेल्या माणसाविषयी तो वापरला, की मूळ अर्थ पुन्हा जागा होतो.

तिसरा शब्द 'अधिस्वीकृती'. विद्यापीठातील वाचकांना तो 'नॅक'मुळे परिचित आहे. १९९४ मध्ये ही परिषद स्थापन झाल्यापासून महाविद्यालयांच्या बोलण्यात 'अधिस्वीकृती', 'प्रत्यायन', 'मूल्यांकन', 'मानांकन' हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. पण त्यांत भेद केला पाहिजे. नोंदणी म्हणजे संस्था अस्तित्वात असल्याची नोंद. परवाना म्हणजे काम करण्याची मुभा. अधिस्वीकृती म्हणजे जाहीर केलेल्या कसोट्यांना संस्था उतरते, असा जबाबदार यंत्रणेने दिलेला निर्वाळा. नोंदणी एकदा होते. निर्वाळा मात्र ठरावीक मुदतीपुरताच असतो व तो पुन्हा मिळवावा लागतो.

२. कायद्यांची शीर्षके व बदललेली दृष्टी

ऑस्ट्रेलियातील कामगार-भरपाईची व्यवस्था संघराज्याच्या रचनेप्रमाणे विभागलेली आहे. सहा राज्ये व दोन प्रदेश ह्यांच्या आठ योजना, आणि केंद्राच्या तीन, अशा अकरा प्रमुख योजना तेथे आहेत. केंद्राच्या योजनांपैकी एक सरकारी नोकरांसाठी व काही मोठ्या उद्योगांसाठी, दुसरी खलाशांसाठी व तिसरी सैनिकांसाठी आहे. प्रत्येक योजनेचा कायदा निराळा आणि तो राबविणारे प्राधिकरणही निराळे.

ह्या कायद्यांची नुसती शीर्षके वाचली तरी विचारांतील स्थित्यंतर लक्षात येते. दक्षिण ऑस्ट्रेलिया राज्याचे उदाहरण घ्यावे. तेथील १९७१ च्या कायद्याच्या शीर्षकात केवळ भरपाईचा उल्लेख होता. १९८६ च्या कायद्यात 'कामगारांचे पुनर्वसन व भरपाई' असे शब्द आले, आणि त्यांत पुनर्वसन हा शब्द आधी ठेवला गेला. २०१४ च्या कायद्याचे नाव तर 'कामावर परतणे' एवढेच आहे. भरपाई शीर्षकातून नाहीशी झाली आहे. केंद्राने १९८८ मध्ये केलेल्या कायद्याच्या शीर्षकात सुरक्षा, पुनर्वसन व भरपाई असा क्रम आहे. १९५१ मध्ये राजधानीच्या प्रदेशासाठी केलेल्या कायद्याचे शीर्षक मात्र अद्यापि 'कामगार भरपाई' हेच आहे. शीर्षक बदलले म्हणून व्यवहार तत्काळ बदलतो असे नव्हे. पण कायदा करणाऱ्यांना कोणती गोष्ट मुख्य वाटते, हे शब्दांच्या क्रमावरून कळते.

ह्या बदलामागे वैद्यकीय विचारही होता. रॉयल ऑस्ट्रलेशियन कॉलेज ऑफ फिजिशियन्सच्या व्यावसायिक वैद्यक शाखेने २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूमिकापत्रात पुढील आकडे उद्धृत केले आहेत : कामगार २० दिवस कामाबाहेर राहिल्यास तो पुन्हा केव्हाही कामावर परतण्याची शक्यता ७० टक्के असते, ४५ दिवसांनंतर ती ५० टक्क्यांवर व ७० दिवसांनंतर ३५ टक्क्यांवर येते. हे आकडे वाचताना सावधगिरी बाळगली पाहिजे. ज्याची दुखापत गंभीर तोच अधिक काळ कामाबाहेर राहतो, त्यामुळे शक्यता घटण्याचे सगळे कारण विलंबात शोधणे बरोबर ठरणार नाही. तरीही दीर्घकाळ घरी बसल्याने माणसाचा आत्मविश्वास, कामाची सवय व सहकाऱ्यांशी असलेला संबंध हे तिन्ही क्षीण होतात, ह्याविषयी फारसा मतभेद नाही. म्हणूनच पुनर्वसनाची सेवा लवकर मिळावी आणि ती जाणत्या माणसाकडून मिळावी, ह्या दोन्ही गोष्टींना महत्त्व आले.

३. अकरा योजना, अकरा कसोट्या

सेवासंस्थांची गरज सर्वत्र निर्माण झाली. परंतु त्यांना मान्यता देण्याची रीत प्रत्येक ठिकाणी निराळी राहिली. कोठे संस्था 'अधिस्वीकृत' म्हटली जाई, कोठे 'अनुमोदित'. व्हिक्टोरिया राज्यात ह्या सेवेला व्यावसायिक पुनर्वसन म्हणण्याचा प्रघात, तर शेजारच्या न्यू साउथ वेल्समध्ये कार्यस्थल-पुनर्वसन असे नाव रूढ.

ह्या भेदाचा परिणाम समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. मरे नदीच्या उत्तर तीरावर ऑल्बरी व दक्षिण तीरावर वोडोंगा अशी दोन जोडशहरे आहेत. पहिले न्यू साउथ वेल्समध्ये, दुसरे व्हिक्टोरियात. समजा, ऑल्बरीत राहणारा एक कामगार वोडोंगातील गोदामात हमालीचे काम करतो व तेथे त्याची पाठ दुखावते. त्याची नोकरी व्हिक्टोरियाशी निगडित असल्यामुळे भरपाईचा दावा त्या राज्याच्या योजनेखाली येईल. त्याच्या घराजवळ उत्तम सेवासंस्था असली, तरी तिला नदीपलीकडच्या प्राधिकरणाची मान्यता असेलच असे नाही. संस्थेच्या बाजूने पाहिले, तर दोन्ही तीरांवर काम करण्यासाठी तिला दोन अर्ज, दोन तपासण्या व दोन प्रकारचे अहवाल ह्यांचा भार सोसावा लागेल. अनेक राज्यांत कारखाने असलेल्या मालकाची अडचण तर ह्याहून मोठी. त्याच्या एका शाखेतील कामगाराला ज्या दर्जाची सेवा मिळते तीच दुसऱ्या शाखेत मिळेल, ह्याची शाश्वती नाही.

येथे गैरसोयीपेक्षा गंभीर मुद्दा न्यायाचा आहे. पाठीचा कणा नदी ओलांडल्याने बदलत नाही. दुखापत तीच, काम तेच. मग कामगाराची शक्ती अजमावणाऱ्या माणसाचे किमान शिक्षण राज्यागणिक का बदलावे, ह्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते.

४. २०१० ची चौकट

ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील कामगार-भरपाई प्राधिकरणांच्या प्रमुखांचा एक गट आहे. ह्या गटाने सेवासंस्थांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय पातळीवर सुसंगत अशी एक चौकट तयार केली व ती १ जुलै २०१० पासून अमलात आली. पुढे तिच्यात सुधारणा झाल्या, आणि २०१९ मध्ये त्याच गटाने सेवासंस्थांच्या 'कार्यपद्धतीची तत्त्वे' प्रसिद्ध केली. चौकटीचे स्वरूप थोडक्यात पुढीलप्रमाणे सांगता येईल.

पहिला भाग तत्त्वांचा. सेवेचे लक्ष्य कामावर परतणे हे असावे. योग्य सेवा योग्य वेळी व वाजवी खर्चात मिळावी. संबंधित सर्वांशी नीट संपर्क राखावा. आणि निर्णय पुराव्यावर आधारलेले असावेत. दुसरा भाग सेवांच्या वर्णनाचा. प्राथमिक पाहणी, कामगाराच्या कार्यक्षमतेचे मापन, कामाच्या जागेची पाहणी, कामात करावयाच्या बदलांविषयी सल्ला, समुपदेशन, व्यवसायविषयक पारख आणि नवे काम शोधण्यास साहाय्य, अशा सेवांची नावे व त्यांचा आशय ह्यामुळे निश्चित झाला. भाषेच्या दृष्टीने हाच भाग सर्वांत मोलाचा. एका प्राधिकरणाने 'कार्यक्षमतेचे मापन' असे म्हटले तर दुसऱ्यालाही त्याच क्रियेचा बोध व्हावा, ही सोय त्यामुळे झाली.

तिसरा भाग मनुष्यबळाचा. हे काम करणारा सल्लागार व्यवसायोपचार, भौतिकोपचार, मानसशास्त्र, पुनर्वसन-समुपदेशन किंवा अशाच एखाद्या मान्य शाखेचा पदवीधर असावा. ज्याला ह्या क्षेत्रातील १२ महिन्यांचा अनुभव नाही, त्याने जाणत्या सहकाऱ्याच्या देखरेखीखाली काम करावे, अशी अपेक्षा आहे. चौथा भाग आचारसंहितेचा व पाचवा मूल्यमापनाचा. संस्थेने स्वतःची तपासणी स्वतः करावी आणि बाहेरच्या तपासणीलाही तयार असावे. मान्यता कायमची नाही. मुदत संपली की ती पुन्हा मिळवावी लागते.

कामावर परतण्याच्या पायऱ्याही तेथे क्रमाने लावलेल्या असतात. प्रथम जुन्या मालकाकडे जुने काम. ते न जमल्यास त्याच मालकाकडे बदललेले काम. मग त्याच मालकाकडे निराळे काम. आणि त्यानंतरच दुसऱ्या मालकाचा विचार. ह्या क्रमामागील तर्क उघड आहे. माणसाचे कौशल्य, ओळखी व सेवेची वर्षे जितकी वाचविता येतील तितकी वाचवावीत, हा तो तर्क होय.

५. एकसूत्रता व एकरूपता

ह्या चौकटीने अकरा योजनांची एक योजना झाली, असे समजू नये. मान्यता देण्याचा अधिकार प्रत्येक प्राधिकरणाने आपल्याच कायद्याखाली आपल्याकडे ठेवला आहे. न्यू साउथ वेल्ससारख्या राज्याने समान तत्त्वांना स्वतःची पुरवणी जोडली आहे. भाषेच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित वाटेल. प्रमाणभाषा असली म्हणून बोली नष्ट होत नाहीत. कोल्हापूरचा व नागपूरचा माणूस घरी निरनिराळ्या तऱ्हेने बोलतात, आणि तरीही सातबाऱ्याचा उतारा दोघांना सारखाच वाचता येतो. जेथे अर्थाची चूक महागात पडते तेथे एकसूत्रता हवी. अन्यत्र स्थानिक भेदांना जागा असावी.

येथपर्यंतचे विवेचन वाचून चौकटीमुळे सर्व प्रश्न सुटले असा समज होईल. तो खरा नाही. तीन आक्षेपांचा विचार करणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप असा, की कागदोपत्री कसोट्या मोठ्या संस्थांना सोयीच्या पडतात. ज्यांच्याकडे अहवाल लिहिण्यासाठी स्वतंत्र माणूस आहे त्यांना तपासणी जड जात नाही. दूरच्या खेड्यात दोघातिघांनी चालविलेल्या संस्थेला ती जड जाते. 'नॅक'च्या तपासणीच्या वेळी लहान महाविद्यालयांची जी धावपळ उडते, ती पाहिलेल्या वाचकांना हा आक्षेप समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. त्यावर उपाय एवढाच, की अकरा तपासण्यांऐवजी एकीच्याच निष्कर्षांवर इतरांनी शक्य तितके विसंबावे. समान कसोटीचा खरा लाभ लहान संस्थेला येथेच मिळतो.

दुसरा आक्षेप मोजमापाविषयी आहे. किती टक्के कामगार कामावर परतले हा आकडा सोपा व म्हणून मोहक आहे. पण केवळ त्यावर संस्थेची पारख केली, तर सोपी प्रकरणे घ्यावीत व कठीण टाळावीत, असा मोह संस्थेला होईल. शिवाय 'परतला' ह्या क्रियापदाचा काळ कोणता? सोमवारी रुजू झालेला कामगार पुढच्या महिन्यात पुन्हा घरी बसला, तर तो परतला असे म्हणावे काय? मराठीत 'परतला' व 'परतून टिकला' ह्या दोन निराळ्या क्रिया आहेत. मानकाच्या मजकुरात कोणती अभिप्रेत आहे हे स्पष्ट लिहिले नाही, तर आकडा खरा असूनही अर्थ खोटा ठरेल.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. सेवासंस्थेचे शुल्क विमा कंपनी किंवा मालक देतो. अहवाल मात्र कामगाराविषयी असतो. 'हा माणूस हलके काम करू शकतो' ह्या एका वाक्याने साप्ताहिक भरपाई कमी होऊ शकते. हे वाक्य वैद्यकीय निरीक्षण आहे, की पैसे देणाऱ्याची इच्छा? 'हलके' म्हणजे किती किलो, किती तास, बसून की उभ्याने, हे न सांगता ते लिहिले असेल, तर कामगाराला त्याचा प्रतिवादही करता येत नाही. अस्पष्ट वाक्याला पुराव्याने उत्तर देता येत नाही, हा ह्यातील मर्म होय. आचारसंहिता हा हितसंबंधांचा पेच पूर्णपणे सोडवू शकत नाही. परंतु सेवेचे वर्णन व अहवालातील संज्ञा आधीच ठरलेल्या असतील, तर संदिग्ध शब्दांच्या आड लपणे कठीण होते, आणि दुसऱ्या तज्ज्ञाला तोच अहवाल तपासून पाहता येतो. समान मानकांचे सर्वांत मोठे समर्थन प्रस्तुत लेखकाला येथे दिसते.

६. आपल्याकडील स्थिती

भारतात ह्या विषयाशी संबंधित तरतुदी आहेत. पण त्यांचा रोख निराळा आहे. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या शीर्षकात केवळ भरपाई होती. २००९ च्या दुरुस्तीने 'वर्कमन' ह्या शब्दाच्या जागी 'एम्प्लॉयी' आला, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हा विषय समाविष्ट झाला. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने कामावरून काढू नये व त्याचा दर्जा कमी करू नये, असे बंधन घातले आहे. १९६८ मध्ये मुंबई व हैदराबाद येथे व्यवसाय-पुनर्वसनाची केंद्रे निघाली. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेला वैधानिक अधिकार मिळाले. ही परिषद पुनर्वसनक्षेत्रातील व्यावसायिकांची नोंदणी करते, आणि त्यांत व्यवसाय-समुपदेशकांचाही अंतर्भाव आहे.

येथे लक्षात घ्यावयाचा भेद असा, की परिषदेची नोंदणी व्यक्तीची असते, तर ऑस्ट्रेलियातील मान्यता संस्थेची. २०१६ च्या कायद्याने दिव्यांगांसाठी चालविल्या जाणाऱ्या संस्थांनाही नोंदणी आवश्यक केली आहे. परंतु नोंदणी व अधिस्वीकृती ह्यांतील अंतर वर दाखविलेच आहे. व्यक्ती पात्र असली तरी ती ज्या संस्थेत काम करते तेथील देखरेख, अहवालाची रीत व हितसंबंधांचे नियम ढिले असू शकतात. उलट, संस्थेची शिस्त कितीही कडक असली तरी पात्र माणसांवाचून ती व्यर्थ आहे. दोन्ही कसोट्या एकमेकींना पूरक आहेत.

असे मानक पुढे कधी मराठीत लिहावे लागले, तर पहिले काम परिभाषा ठरविण्याचे असेल. 'पुनर्वसन' हा शब्द ठेवला, तर येथे त्याचा अर्थ सामर्थ्याचा आहे, वस्तीचा नव्हे, असे व्याख्येत सांगावे लागेल. 'हलके काम' हा कारखान्यातील रोजचा शब्द टाकून देऊ नये. त्याला वजन, वेळ व अंगस्थिती ह्यांची मोजमापे जोडावीत. 'रुजू होणे' ह्याबरोबर 'टिकणे' ह्याचीही व्याख्या करावी. आणि ज्याच्याविषयी अहवाल आहे त्या कामगाराला तो वाचून समजला पाहिजे, ही कसोटी मानकातच लिहून ठेवावी.

तात्पर्य, 'मान्य' हा शब्द संस्थेच्या पाटीवर रंगविणे सोपे आहे. कोणी मान्य केले, कोणत्या कसोटीने, किती मुदतीसाठी आणि त्या कसोटीतील शब्दांचा अर्थ काय, ह्या चार प्रश्नांची उत्तरे पाठ दुखावलेल्या हमालाला त्याच्या भाषेत मिळतील, तेव्हाच त्या शब्दाला अर्थ प्राप्त होईल.